बधिर हातातली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. कापड कापणारी नव्हे, केस कापणारी तर मुळीच नव्हे. मी द्राक्षबागेतली, छाटणीची कात्री. माझं सगळं आयुष्य दिंडोरीच्या बाजूला गेलं, त्यामुळे अंगात थोडा ताठा आहे. तो सांभाळून घ्या, मित्रांनो. लोखंडाला ताठा असतोच.

मी कुठल्या कारखान्यात घडले ते मला नीट आठवत नाही. आठवतो तो फक्त मोठा आवाज आणि धारेच्या दगडाचा चटका. मग मुठींना लालभडक रंग चढला, दोन्ही मुठींच्या मध्ये स्प्रिंग बसली, आणि एक दिवस मी शेतीच्या दुकानात काचेमागे टांगलेली होते. शेखरभाऊंनी मला स्वतःसाठी विकत घेतलं होतं. पण घरी आल्या आल्या त्यांच्या बायकोने, उज्वलाने, मला उचललं, दोनदा उघडमीट करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही माझी. तुम्ही दुसरी आणा." झालं! तेव्हापासून मी तिची झाले.

उज्वलाचं माहेर निफाडकडचं. द्राक्षाच्या वेलीखालीच वाढलेली पोर. माझ्या मुठी तिच्या हाताला थोड्या मोठ्या होत्या, म्हणून तिने मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यांच्यावर गुंडाळली आणि मला दोरीने कमरेला बांधलं. तुम्हाला वाटेल, काडी कापायला काय लागतं? पण एका वेलीवर कितीतरी काड्या असतात आणि प्रत्येक काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, असतात. कुठल्या डोळ्यातून घड निघणार आणि कुठल्यातून नुसता पाला, हे बघून काप घ्यावा लागतो. उज्वला काडीवरून बोट फिरवायची, थांबायची आणि म्हणायची, "हां, इथं." मग मी कट्‌ करायचे. तिचं बोट कधी चुकलं नाही.

पेठ तालुक्यातून छाटणीला माणसांची टोळी यायची. त्या टोळीतली मोहिनी म्हणजे तोंडाची मोठी फटकळ बाई. ती म्हणायची, "वैनी, तुम्ही अशा हाणायला लागल्या तर आम्ही काय खायचं? जा, घरात चहा ठेवा." उज्वला हसायची आणि तिच्या पुढची ओळ धरायची. संध्याकाळी दोघी बांधावर बसून एकमेकींच्या हातावरचे फोड मोजत. मी दोघींच्या मध्ये पडलेली असे. त्या दिवसांची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

खंडेनवमीला आमची पूजा व्हायची. फावडं, कुदळ, फवारणीचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. उज्वला मला पाटावर सगळ्यांच्या पुढे मांडायची. सासूबाई, म्हणजे मालनबाई, कुरकुर करायच्या, "फवारणी मशीन एवढं महागाचं, त्याला मागं अन्‌ ह्या कात्रीला पुढं?" उज्वला म्हणायची, "आई, मशीन भाड्यानं भेटतं. ही भेटत नाय." असं कौतुक झाल्यावर कुणाला ताठा येणार नाही, सांगा बरं?

पहिली गडबड झाली ती एका ऑक्टोबर छाटणीनंतर. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांवर पेस्ट लावतात, म्हणजे ते सगळे एकदम फुटतात. ती पेस्ट फार जहाल. हातमोजे घातले नाहीत तर हात भाजतात, सालटी निघतात. बागेतल्या सगळ्याच बायकांचे हात तेव्हा जळजळत होते. म्हणून उज्वला जेव्हा म्हणाली, "माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. अन्‌ कमरेला कुणी पट्टा आवळल्यागत वाटतं," तेव्हा कुणालाच त्यात नवल वाटलं नाही.

"पेस्टीनं झालं असंल," शेखरभाऊ म्हणाले. "उद्यापासून तू पेस्टीला हात लावायचा नाय. एकदम बंद."

तिने पेस्ट सोडली. थोड्या आठवड्यांनी मुंग्या गेल्या, पट्टा सुटला, हात पहिल्यासारखा झाला. आता तुम्हीच सांगा, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही? पेस्ट लावली तर दुखलं, सोडली तर बरं वाटलं. सगळ्या घराने तशी खूणगाठ बांधली. मित्रांनो, चूक झाली ती इथे. दुखणं आपल्या पावलांनी आलं होतं आणि आपल्याच पावलांनी गेलं होतं. नाव मात्र पेस्टीचं झालं.

पुढच्या वर्षी डोळ्याचं सुरू झालं. घडात मणी भरत होते. एका सकाळी तिने मला हातात घेतलं आणि उजवा डोळा झाकला, मग डावा झाकला, मग परत उजवा. "अहो," ती म्हणाली, "हिच्या मुठी कोणत्या रंगाच्या हायेत?"

"लाल," शेखरभाऊ म्हणाले. "आता हे काय नवीन?"

"डाव्या डोळ्यानं विटक्या दिसतात. धुऊन धुऊन रंग गेलेल्या लुगड्यागत."

माझ्या मुठींचा रंग थोडा उडाला होता हे खरं, पण विटक्या? मला राग आला. मग कळलं की तिला त्या डोळ्याने सगळंच धुरकट दिसत होतं, आणि डोळा हलवला की आतून दुखत होतं. दोन दिवसांपूर्वीच बागेला फवारणी झाली होती. त्यामुळे सगळे एकमुखाने म्हणाले, औषध उडालं डोळ्यात. मेडिकलमधून थेंब आणले. महिनाभराने डोळा बराचसा निवळला. शेखरभाऊंनी फवारणीच्या दिवशी तिला बागेत यायची बंदी केली. त्यांची माया होती हो, त्यात खोट नव्हती. पण चुकीच्या दाराला कुलूप लावलं तर चोर थांबतो थोडाच?

त्यानंतर उज्वला थकायला लागली. काम करून थकतो तसं नव्हे. झोपून उठली तरी थकलेली. भाकरी थापता थापता मध्येच हात थांबायचा आणि ती चुलीपुढे नुसती बसून राहायची. मालनबाईंना वाटायचं, सुनेला आता कामाचा कंटाळा आला. त्या बोलून दाखवायच्या, "आमच्या वेळंला असं बसून चाललं नसतं बया." उज्वलाच्या अंगावर ना जखम, ना ताप, दाखवणार काय? मी खुंटीला टांगलेली असे आणि मला वाटे, एकदा तरी हिने मला हातात घ्यावं. ती घेत नसे. जाता जाता नुसता हात लावायची आणि पुढे जायची. बागेची मला इतकी ओढ नव्हती, मित्रांनो, जितकी त्या हाताची होती.

मग एप्रिल आला. एप्रिलमध्ये जुन्या काड्या बुडापासून कापायची खरड छाटणी असते आणि ऊन असं की मांडवाच्या तारा हाताला चटके देतात. टोळी आली, मोहिनी आली, आणि उज्वला हट्टाने मला कमरेला बांधून बागेत उतरली. सकाळी ठीक चाललं होतं. ऊन चढलं तसे तिचे पाय जड झाले, डोळ्यापुढे परत धूर आला. सावलीत बसून डोक्यावर गार पाणी मारलं की बरं वाटायचं, उन्हात गेलं की पुन्हा तेच. आणखी एक विचित्र गोष्ट मला कळली. छाटणीत माणूस वर बघत असतो. पण तिने काड्यांच्या पाटीत बघायला मान खाली घातली की ती दचकायची आणि पाठ धरायची. मोहिनीला म्हणाली, "मान वाकवली का करंट बसतो. पार पायापर्यंत जातो."

चालताना तिचा तोल जाऊ लागला. बांधावरून जाणारा कुणीतरी हसून म्हणाला, "वैनी आज वायनरीवरून आल्या वाटतं!" आमच्याकडे जिकडेतिकडे वायनरी, म्हणजे वाइनचे कारखाने, त्यामुळे हा विनोद फार स्वस्त आहे. उज्वलाही हसली. पण मुठीवरची तिची पकड ढिली पडली होती, ती फक्त मला कळली.

त्याच दिवशी तिच्या हातून मी निसटले. दोरी आधीच सुटली होती. मी पात्याकडून खाली आले आणि नेमकी तिच्या उजव्या पायावर पडले. चपलेच्या पट्ट्याशेजारी कातडी चिरली गेली, रक्त आलं. मी घाबरून तिच्या ओरडण्याची वाट पाहू लागले. ती ओरडलीच नाही. तिने मला उचललं, पातं पदराला पुसलं आणि पुढची काडी धरली. तिला काही कळलंच नव्हतं. ती तशीच ओळ संपवून, चपलेत रक्त घेऊन, चहाला ओट्यावर आली.

मालनबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. "उज्वला, पायाला काय झालं?"

"काय झालं?" म्हणत उज्वलाने खाली पाहिलं आणि चप्पल काढली.

"दुखत नाय?"

"नाय, आई."

मालनबाई उठल्या. सुनेला आळशी म्हणणाऱ्या त्या मालनबाई तिचा पाय मांडीवर घेऊन बसल्या, हळद दाबली आणि लेकावर ओरडल्या, "शेखर! या एप्रिलात पोरीनं पेस्ट लावली का? फवारणीला गेली का? मग आता हे कशानं झालं? तुझी ती पेस्ट ठेव बाजूला. उद्याच्या उद्या नाशिकला ने तिला, मोठ्या डॉक्टरला दाखव." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "मी लय बोलले तुला."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकला गेलो. आम्ही म्हणते, कारण परतताना धार लावायची म्हणून शेखरभाऊंनी मलाही पिशवीत टाकलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळीच मेंदू आणि नसांच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली होती. बाई शांत होत्या. घाई नव्हती त्यांना. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तळव्यावर रेघ ओढली, सरळ रेषेत चालायला लावलं. मग विचारलं, "हाताने काय काम करता?"

उज्वलाने पिशवीतून मला काढून दाखवलं. बाईंनी मला मिटवलं, खिट्टी लावली आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. आता हातात काय देते ते न बघता ओळखा." आणि त्यांनी मला उज्वलाच्या उजव्या तळहातावर ठेवलं.

मित्रांनो, तो हात मी वर्षानुवर्षं ओळखत होते. त्याच्या अंगठ्याखालचा घट्टा माझ्यामुळे पडलेला. बोटं माझ्यावरून फिरली. स्प्रिंगवरून, ट्यूबच्या पट्टीवरून, पात्यावरून. पुन्हा फिरली. उज्वलाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"किल्ल्या हायेत का?" तिने विचारलं.

शेखरभाऊ दुसरीकडे पाहू लागले. बाईंनी तिला डोळे उघडायला सांगितले. उज्वलाने मला पाहिलं आणि ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मीही रडले असते. गंजण्याची भीती मला होती, पण हिच्याच हातात मी अनोळखी होईन असं कधी मनातही आलं नव्हतं.

मग बाईंनी मागचं सगळं विचारलं. हाताच्या मुंग्या, कमरेचा पट्टा, डोळ्याचा धूर, विटलेला लाल रंग, मानेचा करंट, थकवा, उन्हात वाढणारा त्रास. वेगवेगळ्या वेळी येऊन गेलेली ती दुखणी त्यांनी एका ओळीत मांडली, तेव्हा शेखरभाऊंचं तोंड उतरलं. एमआरआय झाला. त्या खोलीत धातूला मज्जाव, म्हणून उज्वला मंगळसूत्र आणि जोडवी शेखरभाऊंकडे देऊन आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर बसलो. पिशवीवरून त्यांचा हात फिरत होता. पुढे पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं, रक्तही तपासलं. मग बाईंनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. सोपं नाव एमएस.

"म्हणजे पेस्टीनं नाय झालं?" शेखरभाऊंनी विचारलं.

"नाही. पेस्ट जहाल आहे, हातमोजे घालाच. पण हे तिच्यामुळे नाही. तुमच्या मोटरच्या वायरवर प्लास्टिक असतं ना? तसंच नसांवर एक आवरण असतं. ते असलं की मेंदूचा निरोप हातापायापर्यंत पटकन पोचतो."

"खारीनं वायर कुरतडली का मोटर धक्के खाती," शेखरभाऊ पुटपुटले.

"बरोबर. फक्त इथे खार बाहेरून आलेली नाही. रोगाशी लढायला शरीरात जे राखणदार असतात, तेच चुकून आपल्या नसांचं आवरण शत्रूचं समजतात आणि कुरतडतात. मेंदूत, पाठीच्या कण्यात, डोळ्याच्या नसेवर. जिथे आवरण जातं तिथला निरोप अडतो. कधी हात बधिर, कधी डोळा धुरकट. थोडी सूज उतरली की बरं वाटतं, म्हणून माणूस फसतो."

"पण ते चुकतात का?" उज्वलाने विचारलं. "माझ्याकडून काय झालं?"

"तुमच्याकडून काहीच झालं नाही. नेमकं एक कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. काहींच्या अंगात त्याकडे कल असतो. लहानपणी अंगात येऊन गेलेल्या एका साध्या विषाणूचा संबंध दिसतो. ड जीवनसत्त्वाची कमतरता, विडी-सिगारेट, यांनी धोका वाढतो. हा आजार तरुण बायकांमध्ये जास्त दिसतो. पण तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. कुणाची नजर नाही, कुणाचा शाप नाही. पुरता बरा करणारं औषध आज नाही, पण पुढचे झटके कमी करणारी औषधं आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील, तितकं जास्त वाचतं."

"आम्ही दोन वर्षं पेस्टीला धरून बसलो," शेखरभाऊ म्हणाले. बाईंनी त्यांना पाणी दिलं. त्या रागावल्या नाहीत.

उज्वला दवाखान्यात राहिली, सलाईनमधून औषध घेऊन परत आली. मी धार लावून आले होते, पण खुंटीवरच. आमच्या घरात आता बॅटरीची कात्री आली आहे. बटण दाबलं की काडी तुटते, बोटाला जोर लागत नाही. उज्वलाचा डावा डोळा लाल रंगात अजून थोडा कमी पडतो. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना कापूस लावल्यासारखं वाटतं, असं ती म्हणते. पायाचं पुष्कळ सुधारलं आहे. औषध चालू आहे. व्यायाम करते. नवा झटका आला तर घरात बसायचं नाही, लगेच दाखवायचं, हे मालनबाईंना तिच्यापेक्षा जास्त पाठ झालं आहे. दुपारी उज्वला डोळे मिटून पडली की त्या शेजारणींना दारातूनच परत पाठवतात. "झोपलीय ती. आजारी माणूस झोपतं," असं ठणकावून सांगतात.

आणि मी? सकाळच्या गारव्यात कधीकधी ती मला घेऊन जाते. दोन-चार वेली. आता काडीवर बोट फिरवून तिला कळत नाही, म्हणून ती वाकून, निरखून बघते, मग काप घेते. आधी एक काडी कापायला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ऊन आलं की ती मला टांगते आणि घरी जाते. उरलेला दिवस मी वाट बघते. ओळच्या ओळ पळत पळत छाटणारी ती उज्वला आता यायची नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ओळीत पावलं वाजली की मी कान टवकारते. कात्रीला कान नसतात म्हणा.

या ऑक्टोबरची गोष्ट सांगते आणि थांबते. छाटणी ऐन भरात होती. आमची दुसरी वेल संपत आली होती. पलीकडच्या ओळीतून मोहिनी पाय झाडत आली. म्हणाली, "वैनी, दोन दिवस झाले, पायाला मुंग्या येऊन राहिल्या. अन्‌ एका डोळ्यानं जाळं दिसतं. पेस्टीचा वास लागला असंल. जाईल आठ दिवसांत."

उज्वलाचा हात थांबला. मी अर्ध्या काडीत होते. तिने मला सोडवून तारेला अडकवलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, गाडी काढा! नाशिकला जायचंय."

"आत्ता?" मोहिनी म्हणाली. "छाटणी अर्धी हाय. अन्‌ मला काय तुमचं झालंय व्हय?"

"ते मला नाय माहीत. साधं काही असंल, जीवनसत्त्व कमी असंल. मला नाय ठरवायचं, अन्‌ तूबी नको ठरवू. चल."

"टोळीचा खाडा पडंल, वैनी."

"पडू दे," उज्वला म्हणाली आणि तिने मोहिनीचा हात धरला. दोघी ओळीतून निघाल्या. उज्वलाचा पाय थोडा ओढत होता, म्हणून मोहिनीने तिला आधार दिला, की उज्वलाने मोहिनीला, ते लांबून मला कळलं नाही. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा हात बधिर झाला, डोळा धुरकटला, पाय डगमगला आणि मग ते आपोआप गेलं, तरी ते गेलं असं समजू नका. दाखवून या. त्याचं कारण आपल्या मनाने ठरवू नका. जो थकलो म्हणतो त्याला आळशी म्हणू नका, आणि ज्याचा तोल जातो त्याला हसू नका.

त्या दिवशी दिवसभर मी तारेवर लटकले होते. अंगावर ऊन आलं, मग सावली आली. एरवी मी तिच्या हाताची वाट बघते. त्या दिवशी मात्र पहिल्यांदाच वाटत होतं, लवकर येऊ नकोस ग बाई. मोहिनीला नीट तपासून घे, सगळं विचारून घे, आणि मगच ये.